कानामागचं यंत्र आणि ‘लोक काय म्हणतील’

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ६८ वर्षांचे. तपासणीत दोन्ही कानांना मध्यम श्रवणदोष निघाला आणि दोन्हीकडे श्रवणयंत्र लावायला सांगितलं. वडिलांचं म्हणणं, ‘मला ऐकू येतं, तुम्हीच सगळे पुटपुटता. आणि यंत्र लावलं की लोक म्हातारा समजतील.’ घरातला नातू मात्र दिवसभर कानात इअरबड घालून फिरतो. मग यंत्राची लाज खरंच कमी झाली आहे का, आणि वडिलांना तयार कसं करायचं?

आधी वडिलांचं पहिलं वाक्य घेऊ, कारण ते खोटं बोलत नाहीत. वयाबरोबर येणारा श्रवणदोष वरच्या पट्टीपासून, म्हणजे बारीक-तीक्ष्ण आवाजांपासून सुरू होतो. ऑडिओग्राम, म्हणजे तपासणीतला ऐकण्याचा आलेख, काढून बघा: खालच्या पट्टीत, २५० आणि ५०० हर्ट्झजवळ रेघ बऱ्यापैकी वर असेल आणि २०००च्या पुढे तिची घसरगुंडी लागलेली असेल. आ, ई, ऊ या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, म्हणून कोणी बोललं हे त्यांना कळतं. स, श, च, त, ख, फ यांची ओळख पटवणारा भाग वरच्या पट्टीत असतो आणि मुळात हळू असतो. ‘साठ’मधला स गळाला की उरतो ‘आठ’. गोळी साठची आणायची होती, आठची कुठे मिळेना, मग घरात वाद. वडिलांनी ‘आठ’ स्पष्ट ऐकलेला असतो. जो आवाज कानापर्यंत आलाच नाही तो चुकला हे माणसाला कसं कळणार? त्यामुळे ‘तुम्ही पुटपुटता’ हा त्यांच्या कानाने दिलेला प्रामाणिक अहवाल आहे. ‘ऐकू येतं पण कळत नाही’ हे वाक्य तपासणीच्या खोलीत रोज ऐकायला मिळतं, त्याचा अर्थ हाच.

दुसरी गोष्ट तितकीच गोंधळात टाकणारी. हळू बोललं की ‘आँ?’, जरा जोरात बोललं की ‘ओरडतोस कशाला, मी काय बहिरा आहे?’ दोन्ही खरं असतं. आतल्या कानातल्या केशपेशी कमी झाल्या की ऐकू येण्याची खालची मर्यादा वर सरकते, पण आवाज असह्य होण्याची मर्यादा जवळपास तिथेच राहते. या दोन मर्यादांमधली जागा अरुंद होते. घरचे याला हट्टीपणा समजतात आणि तिथूनच खरी बदनामी सुरू होते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भलत्याच प्रश्नाला उत्तर देणं, विनोद संपल्यावर सगळ्यांच्या मागून हसणं, फोन वाजला की तो मुलाच्या हातात देणं, लग्नात कोपऱ्यातली खुर्ची शोधणं. हे लोकांना दिसतंच, आणि लोक त्याला ‘बहिरेपणा’ म्हणत नाहीत. ‘काकांचं हल्ली लक्ष नसतं’ म्हणतात, ‘चिडके झालेत’ म्हणतात. वय दिसतं ते यातून.

आता लाज कमी झाली का? १९७७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात तरुणांचे फोटो लोकांना दाखवले होते, काहींच्या कानाला यंत्र, काहींच्या नाही. यंत्र दिसणाऱ्यांना लोकांनी बुद्धी, व्यक्तिमत्त्व, रूप या बाबतीत कमी गुण दिले. या प्रकाराला पुढे नावच पडलं, ‘हिअरिंग एड इफेक्ट’. तसाच प्रयोग नव्याने करून २०१४ साली छापला गेला. या वेळी फोटोंत श्रवणयंत्रांबरोबर इअरबड आणि ब्लूटूथचं कानातलंही होतं. तो परिणाम जवळजवळ दिसेनासा झाला होता. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या: यंत्रं लहान झाली आणि कानात काहीतरी असणं ही सगळ्यांचीच रोजची गोष्ट झाली. नावाजलेल्या माणसांनी उघडपणे यंत्र लावल्याचाही उपयोग होतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन १९८३ साली कानात यंत्र लावून लोकांसमोर आले आणि त्यानंतर तिथे यंत्रांची विक्री वाढली. आपल्याकडे ओळखीच्या चेहऱ्यांनी हे जाहीरपणे केल्याची उदाहरणं फार थोडी.

आपल्या वडिलांच्या पिढीच्या डोळ्यांसमोर मात्र वेगळंच यंत्र असतं: पॉकेट मॉडेल. सदऱ्याच्या खिशात काडेपेटीपेक्षा मोठा डबा, त्यातून गळ्यावरून कानापर्यंत वळवळणारी वायर, कानात बटणासारखा रिसीव्हर, म्हणजे छोटा स्पीकर. खिशातल्या माइकवर कापड घासलं की खरखर, आणि मान वळवली तरी आवाज छातीकडूनच यायचा. ते यंत्र सगळ्याच आवाजांना सारखं मोठं करायचं. पूर्ण डिजिटल यंत्रं बाजारात आली १९९६ साली. आताचं कानामागचं यंत्र हळू आवाजाला जास्त आणि मोठ्या आवाजाला कमी उचलतं. दोन मर्यादांमधल्या त्या अरुंद झालेल्या जागेवर हाच उपाय आहे, याला कंप्रेशन म्हणतात. वडील ज्या यंत्राला नाही म्हणताहेत ते त्यांच्या वडिलांचं किंवा शेजारच्या आजोबांचं यंत्र असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून बोलण्याआधी आजचं यंत्र त्यांच्या हातात द्या. वजन दोन-तीन ग्रॅम.

इअरबडमुळे फायदा झाला, पण एक नवी अडचणही आली. आता कानात काही दिसलं की समोरचा समजतो, हा गाणी ऐकतोय. बँकेच्या खिडकीवर ‘काका, आधी कानातलं काढा, मग बोला’ असं ऐकावं लागतं. यावर एकच वाक्य पुरतं: ‘हे ऐकण्याचं यंत्र आहे, माझ्याकडे बघून बोला.’ तरुणांसाठी परीक्षा केंद्र ही खरी डोकेदुखी. तिथे इलेक्ट्रॉनिक वस्तूंना बंदी असते आणि ऐन वेळी वाद होतो. अर्ज भरतानाच कळवावं आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेवावी. विमानतळावरच्या तपासणीत यंत्र काढावं लागत नाही, फक्त आधी सांगावं. एमआरआयच्या खोलीत मात्र ते कधीही नेऊ नये.

लाज अजून घट्ट बसलेली जागा म्हणजे लग्नाचा बाजार. मुलीच्या कानाला यंत्र आहे हे लपवण्यासाठी ते काढून कांदेपोहे, मग समोरच्याचे निम्मे प्रश्न कळत नाहीत आणि ‘मुलगी जरा मंद वाटली’ असा निरोप येतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र याच भीतीने न काढणारी घरंही पुष्कळ आहेत. लहान मुलांच्या बाबतीत तर ही लाज महागात पडते. जन्मापासून एका महिन्यात चाळणी तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत यंत्र आणि उपचार सुरू, असा जगभर मानला जाणारा क्रम आहे, कारण भाषा त्याच वयात रुजते. आणि मुलांना स्वतःला लाज नसते. त्यांना कानात बसणारा मापाचा साचा लाल की निळा, चमकीवाला की साधा एवढंच ठरवायचं असतं. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी यंत्र वर्गाला दाखवलं की बाकीची पोरं दोन दिवसांत विसरतात.

पण ‘लोक काय म्हणतील’ याला सगळ्यात जास्त खतपाणी मिळतं ते ड्रॉवरमध्ये पडलेल्या यंत्रांमुळे. प्रत्येक नातेवाइकांत एक तरी काका असतात ज्यांनी ‘पन्नास हजार घातले, काही उपयोग नाही, नुसता गोंगाट’ असं सांगितलेलं असतं. हे एक वाक्य दहा जाहिरातींवर भारी पडतं. त्या काकांचं यंत्र का पडून राहिलं याची कारणं शोधली तर यंत्र बिघडलेलं क्वचितच निघतं. बहुतेक वेळा ते लपवण्याच्या हट्टापायी चुकीचं निवडलेलं असतं, किंवा कानाला मोजून बसवलेलंच नसतं.

लपवण्याची किंमत काय ते नीट समजून घ्या. कानाच्या कालव्यात, म्हणजे भोकापासून पडद्यापर्यंतच्या नळीत आत जाणारं, बाहेरून न दिसणारं यंत्र १० नंबरच्या सेलवर चालतं, पिवळ्या स्टिकरचा, मसुराच्या दाण्याहून थोडा मोठा. तो जेमतेम तीन ते सात दिवस पुरतो. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्या माणसाला तो धरताही येत नाही. यंत्र आत असल्याने मळ आणि घाम थेट रिसीव्हरवर. दोन माइक बसवायला जागा नसते, म्हणून समोरच्याचा आवाज गर्दीतून वेगळा काढण्याची ताकद कमी. आणि सगळ्यात मोठं: वडिलांसारखा श्रवणदोष असेल, म्हणजे खालची पट्टी शाबूत आणि वरची गेलेली, तर कालवा बुजवल्याने जे चांगलं ऐकू येत होतं तेही बिघडतं. अशा कानाला कानामागचं, बारीक वायरने कानात रिसीव्हर सोडणारं यंत्र आणि छिद्रं असलेला उघडा डोम, म्हणजे कानात बसणारं मऊ टोपण, ही जोडी बहुधा बरी. वायर पारदर्शक, जेमतेम एक मिलिमीटर जाडीची.

रंग निवडताना लोक त्वचेशी जुळवायला जातात आणि बेज रंग घेतात. तो आपल्या कातडीशी कधीच जुळत नाही, उलट उठून दिसतो. यंत्र बसतं केसांत, त्यामुळे रंग केसांचा घ्या: पिकलेल्या केसांना चंदेरी किंवा करडा, काळ्यांना काळा किंवा गडद तपकिरी. मग चाचणीचं यंत्र कानाला लावून फोनवर तीन फोटो काढा, समोरून, बाजूने आणि मागून, हातभर अंतरावरून. समोरून बहुधा काहीच दिसत नाही. समजावण्यापेक्षा हा फोटो जास्त काम करतो.

बसवल्यावर पहिली तक्रार येते ती स्वतःच्या आवाजाची: ‘घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं.’ तिची दोन वेगळी कारणं असतात आणि उपायही उलटे. यंत्र कानात ठेवून बंद करा आणि लांब ‘ईऽऽ’ म्हणायला सांगा. यंत्र बंद असतानाही घुमत असेल तर कान बुजला आहे. हाडातून आलेला स्वतःचा आवाज बाहेर पडायला वाट नाही. मग डोम उघडा हवा, किंवा साच्यातलं हवेचं छिद्र मोठं करायला हवं. बंद असताना ठीक आणि चालू केल्यावर घुमत असेल तर खालच्या पट्टीचा आवाज कॉम्प्युटरवरून कमी करायचा. ही दहा सेकंदांची चाचणी न करता ‘सवय होईल’ म्हणून परत पाठवलं की यंत्राची वाट थेट ड्रॉवरकडे.

दुसरी तक्रार शिट्टीची, आणि लाजेचा संबंध सगळ्यात जास्त हिच्याशी आहे. भर मांडवात कानातून ‘कुईऽऽ’ झालं की माणूस तिथेच यंत्र काढून खिशात घालतो. रिसीव्हरमधून निघालेला आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. नातवाला मिठी मारताना किंवा कानावर हात नेताना क्षणभर वाजली तर चालेल. बसल्या बसल्या वाजत असेल तर क्रमाने बघा: डोम पूर्ण आत गेला आहे का, कालव्यात मळ साठला आहे का, डोमचा आकार लहान तर नाही, साच्याची नळी कडक होऊन तडकली आहे का. साच्याची प्लॅस्टिक नळी तीन ते सहा महिन्यांत कडक होते, ती बदलायचीच असते. शिट्टी थांबवण्यासाठी नुसता आवाज कमी करून देणं हा शॉर्टकट आहे. त्याने शिट्टी जाते आणि स, शही जातात.

तिसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही, पण निकाल तीच ठरवते. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओग्राम भरला की ते सरासरी कानाच्या हिशोबाने आवाज ठरवून देतं. प्रत्येक कालव्याची लांबी-रुंदी वेगळी, त्यामुळे कानाच्या पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतो हे वेगळं निघतं. ३०००-४००० हर्ट्झजवळ तो बऱ्याचदा गरजेपेक्षा कमी भरतो, म्हणजे नेमकी व्यंजनंच राहतात. हे मोजण्यासाठी कानात पडद्यापासून सुमारे पाच मिलिमीटरवर केसासारखी सिलिकॉनची नळी सोडतात, त्यावर यंत्र बसवतात आणि ५५, ६५, ७५ डेसिबलचं, म्हणजे हळू, मध्यम आणि मोठं बोलणं वाजवून कॉम्प्युटरवरची रेघ त्या कानासाठी ठरलेल्या लक्ष्याशी जुळवतात. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. वीस मिनिटांचं काम. यंत्र घेण्याआधी विचारा: ‘तुमच्याकडे हे मोजमाप होतं का?’ उत्तर नाही असेल तर महागातल्या महाग यंत्राचाही पूर्ण उपयोग होईलच असं नाही. बसवणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी असलेली ऑडिओलॉजिस्ट आहे ना, हेही बघा.

खर्चाचं थोडक्यात. एका कानाला पंधरा-वीस हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. ‘एकच घेऊ, कमी दिसेल’ हा विचार सोडा. दोन्ही कान अधू असताना एकच लावलं तर आवाज कुठून आला हे कळत नाही आणि गर्दीत त्रास तसाच राहतो. बजेट ठरलेलं असेल तर एका भारी यंत्राऐवजी दोन मध्यम प्रतीची घ्या. ऑनलाइन हजार-दोन हजाराला मिळतात ते साउंड अँप्लिफायर: सगळंच मोठं करतात, मोठ्या आवाजाला लगाम नसतो. कुटुंबाचं उत्पन्न कमी असेल तर अपंगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना आहे, ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. महाराष्ट्रात २०२४पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना ३००० रुपये मिळतात, पण तेवढ्यात आज चांगलं डिजिटल यंत्र येत नाही. मुंबईकरांसाठी वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२पासून प्रौढांच्या सौम्य ते मध्यम दोषासाठी यंत्रं चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतात, आणि सप्टेंबर २०२४मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, अ‍ॅपलच्या एअरपॉड्स प्रो २ मधल्या श्रवणयंत्राच्या सोयीला मान्यता दिली. तिकडे राहणारा मुलगा ते पाठवतो म्हणाला तर वाईट नाही, पण मध्यमच्या पुढच्या दोषाला ते पुरत नाही, आणि अख्खा दिवस चालेल एवढी त्यांची बॅटरी नसते.

आता वडिलांना तयार करण्याबद्दल. ‘बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही’ याने सुरुवात केली की संवाद संपला. कुठल्या जागी त्रास होतो ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या: भजनी मंडळ, फोन, नातवाचं बोलणं, बातम्या. त्यातली दोनच ठिकाणं निवडा आणि ट्रायल त्या दोन ठिकाणांसाठी आहे असं सांगा. बरेच जण डिपॉझिट घेऊन काही दिवस यंत्र घरी देतात. क्लिनिकच्या शांत खोलीत सगळंच छान ऐकू येतं, त्यावर निर्णय घेऊ नका. तपासणीला आईने बरोबर जावं. तिचा आवाज त्यांना सगळ्यात जास्त लागतो आणि सगळ्यात जास्त चुकतो. चाचणीसाठी घरी सहा आवाज पुरतात: आ, ऊ, ई, म, श, स. आईने तोंडासमोर कागद धरून, एक मीटरवरून, नेहमीच्या आवाजात एकेक म्हणावा, मागेपुढे करून. वडिलांनी परत म्हणावा. यंत्राशिवाय स आणि श गळतील, यंत्राने परत येतील. मुलांनी दहा वेळा सांगून जे पटत नाही ते या दोन मिनिटांत वडील स्वतः मोजतात.

‘चष्म्यासारखंच आहे हो’ असं सगळे सांगतात. ही तुलना लाज घालवायला बरी, पण अपेक्षा चुकीची लावून देते. चष्मा लावला की त्याच क्षणी अक्षर स्वच्छ होतं. कानाचं तसं नाही. कमी ऐकू यायला लागल्यापासून यंत्र घेईपर्यंत लोक वर्षानुवर्षं काढतात. अमेरिकेतल्या एका पाहणीत हे अंतर सरासरी जवळजवळ नऊ वर्षं निघालं. इतकी वर्षं मेंदूला पंख्याची घरघर, वर्तमानपत्राची सळसळ, स्टीलच्या भांड्यांचा ठणठणाट मिळालेला नसतो. पहिल्या दिवशी फोडणीसुद्धा स्फोटासारखी वाटते. पहिला आठवडा घरात, एका वेळी एका माणसाशी. दमायला झालं तर तासभर काढावं, पण रोज लावावं. दुसऱ्या आठवड्यात टीव्ही आणि जिन्यातल्या गप्पा. देऊळ, हॉटेल, लग्न तिसऱ्या-चौथ्या आठवड्याआधी नको. गणपतीत ढोल-ताशासमोर तर यंत्र काढून डबीत ठेवा आणि कानात बोळे घाला. पहिल्या आठवड्यानंतर एकदा आणि महिन्याने एकदा यंत्र जुळवून घ्यायला जावंच लागतं. यंत्र दिवसाला सरासरी किती तास लावलं याची नोंद स्वतःच ठेवतं आणि ती ऑडिओलॉजिस्टला दिसते. आठ तासांच्या वर असेल तर गाडी रुळावर. दोन तास दिसत असतील तर वडिलांना रागवू नका, नेमकं काय टोचतं ते विचारा: डोम, घुमणं की आवाज.

घरच्यांचा भाग इथे सुरू होतो. स्वयंपाकघरातून हाक मारून दिवाणखान्यात उत्तराची अपेक्षा करू नका. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, भिंत मध्ये आली की विचारूच नका. आधी नाव घ्या, तोंड उजेडात ठेवा, मग बोला. नाही कळलं तर तेच वाक्य तिसऱ्यांदा ओरडण्यापेक्षा शब्द बदला: ‘साठ’ऐवजी ‘सहावर शून्य’. आणि ‘जाऊ दे, काही नाही’ हे शब्द घरात बंद करा. त्यांना यंत्राच्या लाजेपेक्षा हे जास्त लागतं.

देखभाल. यंत्र ‘बंद पडलं’ की सगळ्यात आधी रिसीव्हरच्या टोकाची पांढरी जाळी, म्हणजे वॅक्स गार्ड बघा. जाळीसोबत मिळणाऱ्या काडीच्या एका टोकाने जुनी ओढून काढायची, दुसऱ्या टोकाने नवी दाबायची. आपल्याकडे तिचा मुख्य शत्रू खोबरेल तेल. केसांना तेल लावल्यावर तासभर यंत्र लावू नका, आणि कानात तेल तर घालूच नका. यंत्र काढल्यावर डोम त्यावर दिसला नाही तर तो कानातच राहिला आहे. चिमटा न घालता डॉक्टरांकडे जा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात रोज रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा, आधी सेल काढून, नाहीतर तोही सुकतो. सेलचा स्टिकर काढल्यावर दोन मिनिटं हवा लागू द्या, मग बसवा. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. सेल नातवंडांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर तातडीने दवाखाना. रीचार्जचं यंत्र असेल तर ही कटकट नाही: रात्री तीन-चार तास चार्ज, दुसरा पूर्ण दिवस मोकळा. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. स्कूटरवर निघताना हेल्मेट घालण्याआधी यंत्र काढून डबीत टाका. मास्कची दोरी काढताना यंत्र उडून जातं, त्यासाठी दोरी डोक्यामागे बांधायचा मास्क बरा.

एक नवी भीती हल्ली दुकानातून विकली जाते: ‘यंत्र लावलं नाही तर स्मृतिभ्रंश होईल.’ २०२३ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या अमेरिकी चाचणीत ७० ते ८४ वयाचे ९७७ जण होते. तीन वर्षांनी एकूण गटात फरक दिसला नाही. ज्यांना आधीच जास्त धोका होता त्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. माहिती म्हणून चांगली, पण वडिलांना घाबरवायला वापरू नका. लाज आधीच आहे, त्यावर वेडेपणाचा शिक्का कशाला?

यंत्राचा विषय बाजूला ठेवून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे कधी जायचं: एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी, कारण त्यावरची औषधं उशिराने लागू पडत नाहीत. एकाच कानात सतत आवाज किंवा एकाच बाजूने कमी ऐकू येणं, कान वाहणं, चक्कर, यातलं काही असेल तरीही.

आणि घरात कोणाचं जुनं यंत्र ड्रॉवरमध्ये पडलं असेल तर ते तपासणीला जाताना बरोबर न्या. पाच-सहा वर्षांपूर्वीचं डिजिटल यंत्र नवा वॅक्स गार्ड, योग्य मापाचा डोम आणि नव्या ऑडिओग्रामवर पुन्हा जुळवून बऱ्याचदा चालू होतं. ज्या काकांनी ‘काही उपयोग नाही’ म्हटलं होतं त्यांनाही त्याच दिवशी बरोबर घ्या, त्यांच्याच कानाला ते पुन्हा मोजून लावता येईल.